अंड्यांच्या कप्प्यातले थेंब

शिवलीलाकाकूंच्या मोतीबिंदूचं औषध मी माझ्या डोळ्यात घातलं. एकदा नाही, दिवसातून चार वेळा, सलग नऊ दिवस. शिवलीलाकाकू म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. मोतीबिंदू त्यांचा, ऑपरेशन त्यांचं, बाटलीवर नाव त्यांचं. माझा फक्त डोळा. बरं, मी अडाणी होते म्हणून हे केलं असंही नाही. मी मुखेडच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, बाटलीवरची इंग्रजी अक्षरं घडाघडा वाचणारी. त्यामुळेच घोटाळा झाला. आमच्या लातूरच्या गल्लीत जिला वाचता येत नव्हतं ती सरळ दवाखान्यात जायची.

या मूर्खपणापायी माझी एका माणसाशी गाठ पडली, आणि आज त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे. ते डोळ्यांचे डॉक्टर. लातुरात गंजगोलाई बाजाराच्या मागं, एका कापडाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. तुमच्यापैकी कोणी लातूरकडचे असाल तर कदाचित त्यांच्यापुढे आपली पिशवी पालथी केलीही असेल.

कारण पेशंट खुर्चीत बसला की ते आधी त्याच्या डोळ्याकडे बघायचेच नाहीत. टेबलावर एक स्टीलचं ताट असायचं, घरात जेवायला घेतो तसलं. त्या ताटाच्या काठावर बोटातली अंगठी वाजवायचे, टण टण, आणि म्हणायचे, "पिशवी पालथी करा."

नवीन माणूस बावचळायचा. डोळा दाखवायला आलोय, पिशवी कशाला? पण डॉक्टर छताकडे बघत बसायचे. शेवटी पिशवी पालथी व्हायची. एसटीची तिकिटं, किल्ल्यांचा जुडगा, तपकिरीची डबी, आणि त्यांच्या आडून हळूच मधाची बाटली, एरंडेल, कुठल्याशा यात्रेतून आणलेला सुरमा. डॉक्टर एकेक वस्तू उचलून वास घ्यायचे आणि तिचा इतिहास विचारायचे. भाजलेल्या शेंगांची पुडी निघाली तर मात्र ती आपल्याकडे ओढून घ्यायचे. "ह्ये जप्त," एवढंच म्हणायचे, आणि पुढचा सगळा तपास शेंगा खात व्हायचा.

आता माझ्याकडे शिवलीलाकाकूंची बाटली आली कशी, तेही ऐका. आमचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंड्याचं नावसुद्धा घरात काढायचं नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, अगदीच वेळ आली तर "ते पांढरं" म्हणायच्या. गल्लीतला पहिला फ्रिज आमच्याकडे आला. त्याच्या दारात बारा भोकांचा एक प्लास्टिकचा कप्पा होता. तो कशासाठी आहे ते घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. आत्याबाईंनी काही दिवस त्यात लिंबं ठेवून पाहिली. दार उघडलं की लिंबं गडगडत चुलीपर्यंत जायची.

मग काकूंचं ऑपरेशन झालं, थोडा थेंब उरला. "थंड जागी ठेवा" हे बाटलीवरचं इंग्रजी मीच त्यांना वाचून दाखवलं, आणि सहज म्हणून ती बाटली त्या कप्प्यातल्या भोकात उभी केली. कारखानदारानं माप काकूंच्या बाटलीचंच घेतलं असावं, अशी बसली.

वर्ष-दीड वर्षात बाराच्या बारा भोकं भरली. गल्लीत कोणाच्याही डोळ्याचं काही झालं की उरलेला थेंब माझ्याकडे जमा. प्रत्येक बाटलीवर मी चिकटपट्टी लावून मूळ मालकाचं नाव लिहिलं. विरजण मागायला यावं तशा बायका यायच्या, फक्त वाटी नसायची हातात. मी फ्रिज उघडायचे, थोडा विचार केल्यासारखं करायचे, डोक्यावरचा पदर सारखा करायचे, आणि टोपणाच्या रंगावरून एक बाटली काढून द्यायचे. निळं टोपण खाजेला, पांढरं कचऱ्याला, गुलाबी लालीला. हे शास्त्र मला कोणी शिकवलं नव्हतं. फ्रिजसमोर गार वाऱ्यात उभं राहून मी स्वतःच ते शोधून काढलं होतं.

मुलाचं लग्न महिन्यावर आलं तेव्हाची गोष्ट. मी छप्पन्न वर्षांची होते. आता हे वय मला शाळकरी वाटतं. आधी दोन दिवस ताप आला आणि ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस उठला. आत्याबाई म्हणाल्या, ताप बाहेर पडला, चांगलं झालं. चार दिवसांनी डावा डोळा लाल झाला. पाणी गळायला लागलं, उजेड टोचायला लागला, आत वाळूचा कण फिरतोय असं वाटायला लागलं. दुसरी कोणी असती तर डोळ्याची काळजी केली असती. मला काळजी लागली फोटोची. वरमाय मी, नवी इरकल घेतलेली, आणि अल्बममध्ये कायमचा एक डोळा लाल? मी फ्रिज उघडला. लाली, म्हणजे गुलाबी टोपण.

आणि बघा, दोन दिवसांत लाली गेली. मी आरशापुढे उभी राहून स्वतःचं कौतुक केलं आणि नंतर गल्लीत जाऊन करवून घेतलं. एवढंच झालं की, डोळा पांढरा झाला तसं दिसणंही पांढरं होत गेलं. उजवा डोळा झाकला की भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे विरघळायचे. मी म्हटलं, कॅलेंडरच हलक्यातलं आहे.

नवव्या दिवशी तुरीची डाळ निवडायला बसले होते. उजव्या डोळ्यात पीठ उडालं म्हणून तो मिटला, आणि डाव्यानं ताटाकडे बघितलं तर डाळ नाही, खडे नाहीत, नुसता पिवळा लेप. ताट तसंच सरकवून उठले.

मी डॉक्टरांकडे गेले. बाटली शहाण्या बाईनं घरी ठेवली असती. पण दुपारचा थेंब चुकू नये म्हणून मी ती बरोबर घेतली, आणि डॉक्टरांची पिशवीची सवय सगळ्या लातूरला ठाऊक, म्हणून पोलक्यात लपवली.

टण टण. "पिशवी पालथी करा."

मी मोठ्या ऐटीत केली. विभूतीची डबी, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, शेंगांची पुडी. शेंगा जप्त झाल्या. एवढंच का, असं त्यांनी विचारलं. मी एवढंच म्हणाले.

मग त्यांनी कापसाचं टोक ओढून, पिळून, केसासारखं बारीक केलं. उजव्या बुबुळाला ते बाजूनं हळूच लावलं. मी दचकले, डोळा आपोआप मिटला. मग डाव्याला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. मी आपली मजेत समोरच्या भिंतीवरचा गणपती बघत बसलेली.

"ह्या डोळ्याला लाजच न्हाई, अक्का," ते म्हणाले, पण हसले नाहीत. कापूस लागूनही मिटत नाही म्हणजे डोळा बधिर झालाय, आणि बधिर करणारे रोग थोडेच असतात, हे त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांनी एक केशरी कागदाची पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली, माझी हनुवटी मशीनवर ठेवली, दिवा घालवला आणि निळा उजेड डोळ्यात सोडला.  शेंगा खाण्याचा आवाज थांबला.

"ओठाला फोड आलते?"

"आलते."

"मंग मला हितं फांदी दिसाया पाहिजे. बारीक, हिरवीगार, टोकाला गाठी असलेली. सही असती ती ह्या रोगाची. तुमच्या डोळ्यात फांदी न्हाई, अक्का. अख्खा जिल्हा हाय, नकाशातल्यावाणी पसरलेला. फांदीचा जिल्हा आपोआप होत न्हाई. काय टाकलाव?"

"काहीच न्हाई."

त्यांनी दिवा लावला. रागावले नाहीत. फक्त बाहेरच्या बाकाकडे बोट केलं आणि म्हणाले की आठवलं की आत या.

मी बाकावर बसले. पोलक्यातली बाटली टोचत होती. माझ्यानंतर औशाकडचे एक वयस्कर बाप्पे आत गेले, धोतर-टोपीतले. मधे नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. टण टण झालं, पिशवी पालथी झाली. डॉक्टरांनी विचारलं, ह्या मलमावर म्हशीचं चित्र कामून हाय? बाप्पे म्हणाले, म्हशीच्या कासंला लावायचं हाय त्ये, चांगलं हाय, चार दिवस मी डोळ्याला लावायलोय. म्हशीला विचारलं होतं का, असं डॉक्टर म्हणाले, आणि दोघेही खो खो हसायला लागले.

मी मात्र गार पडले. तो माणूस म्हशीचं मलम डोळ्यात घालून सरळ ताटात टाकून मोकळा झाला होता, आणि मी मॅट्रिक बाई, पोलक्यात बाटली घेऊन बसले होते. बाप्पे बाहेर आले तशी मी आत गेले आणि बाटली ताटात ठेवली. माझ्या घामानं चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, पण नाव वाचता येत होतं.

"शिवलीला," डॉक्टरांनी वाचलं. "तुमचं नाव शिवलीला का?"

"न्हाई."

"मंग डोळा कुणाचा?"

"माजा."

"असं का? मला वाटलं तो बी मागून आणलाव."

मग त्यांनी मला समजावलं. त्यांचं घर रेणापूरकडचं, शेतीतलं. रोग सांगायचा तर ते रानातून सांगायचे. म्हणाले, हा विषाणू हराळीसारखा असतो. लहानपणीच कधीतरी अंगात शिरतो आणि शिरेच्या मुळाशी झोपून राहतो. ताप आला, ऊन लागलं, जीव दमला की उगवतो. कोणाच्या ओठावर, कोणाच्या डोळ्यात. वरून खुरपता येतो, मूळ खाली राहतंच. गुलाबी टोपणाचं औषध काकूंना चांगलंच होतं, ते सूज मारतं, लाली मारतं. पण ज्या डोळ्यात हराळी उगवली त्याला ते म्हणजे युरिया.

"नऊ दिवस युरिया टाकलाव तुम्ही. अजून आठ-धा दिवस टाकला असता तर बुबुळाला भोक पडलं असतं."

मी विचारलं, दिसेल का परत? ते म्हणाले, आज सांगता येत नाही. लग्न कधी आहे? मी म्हणाले, पंधरा दिवसांनी. फोटोचा विषय माझ्या डोक्यातून निघून गेला होता. सून दारात येईल तेव्हा ती मला दोन्ही डोळ्यांनी दिसावी, एवढंच डोक्यात होतं.

मग त्यांनी अशा बाटल्या घरी आणखी किती आहेत ते विचारलं. मी अकरा म्हणाले. कुठं ठेवल्यात?

"अंड्यांच्या कप्प्यात."

डॉक्टरांनी माझ्या कपाळावरच्या विभूतीकडे पाहिलं, मग ताटातल्या विभूतीच्या डबीकडे, मग परत माझ्याकडे. "उद्या तो कप्पा घेऊन या," ते म्हणाले. "अन् ज्यांना वाटलाव त्यांना बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिजच्या दारातून कप्पा ओढून काढला, त्यावर पांढरा पंचा झाकला आणि दोन्ही हातांवर घेऊन घराबाहेर पडले. पंच्याखालून टोपणांचे अकरा उंचवटे वर आले होते. मला ते दिसत नव्हतं. गल्लीला दिसत होतं. शिवलीलाकाकूंनी काय आहे विचारलं. मी थेंब म्हणाले. त्या पंच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "थेंब म्हणं." ज्यांना मी त्या महिन्यात औषध दिलं होतं अशा दोघी माझ्याबरोबर मुकाट्यानं ऑटोत बसल्या. ऑटोवाल्यानं खड्डा आला की मागं वळून बघायचं, फुटतील म्हणून. आम्ही दवाखान्यात पोचायच्या आत गल्लीत बातमी पसरली होती की लग्न तोंडावर आलेलं असताना वरमाय अंडी घेऊन फिरतेय. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आणायचीच होती तर अंधारात आणायची.

डॉक्टरांनी शाळेत हजेरी घेतात तसं एकेक नाव वाचून बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. त्या दोघींचे डोळे तपासले. नशीब, ठीक निघाले. बोलणी मात्र तिघींनीही सारखी खाल्ली. कप्पा परत मागितला तर म्हणाले, जप्त. पुढं कितीतरी वर्षं तो त्यांच्या टेबलावर होता आणि बारा भोकांत शेंगा असायच्या.

मग उपचार सुरू झाले. गुलाबी टोपण कायमचं बंद. पाच वेळा डोळ्यात मलम, वर गोळ्या, बाहुली मोठी करणारा एक थेंब, वेगळा टॉवेल, काजळ बंद. एक दिवसाआड दाखवायला जायचं. माझ्या फायलीतल्या कार्डावर त्यांनी बुबुळाचा गोल काढला, त्यात जखमेचा आकार रेखाटला आणि त्यावर तालुके लिहून टाकले. उजवीकडं उदगीर, खाली निलंगा, त्याच्या डावीकडं औसा, मधे चाकूर, वर डाव्या कोपऱ्यात रेणापूर. जखम भरत जाईल तसे ते एकेक नाव खोडायचे. "आज औसा सुटलं," असं म्हणाले की मी घरी येऊन आत्याबाईंना सांगायचे. त्या म्हणायच्या, तिथं आपलं कोण हाय?

लग्नात मी नवी इरकल नेसले आणि त्यावर काळा गॉगल लावला, कारण बाहुली मोठी असल्यामुळं उजेड सोसत नव्हता. विहीणबाईंनी माझ्या गळ्यातल्या सोन्याआधी गॉगलकडे पाहिलं. माझ्या माहेरच्या, मुखेडकडच्या बायकांमध्ये दोन मतं पडली. काहींच्या मते मी लेक पाठवायला रडतेय, तर काहींच्या मते मी फार पुढारलेली होते. लेक विहीणबाईंची जात होती, आमच्याकडे तर येत होती, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही. अक्षतांच्या गडबडीत मी खांबाआड जाऊन मलम घालून आले. सगळ्या अल्बमभर माझा गॉगल आहे. डोळा एकाही फोटोत दिसत नाही, लालही नाही आणि पांढराही नाही.

डॉक्टर लग्नाला आले होते. आधी पोटभर जेवले, मग बुंदीचा द्रोण हातात घेऊनच मला मंडपाच्या मागं बोलावलं आणि खिशातली बॅटरी माझ्या डोळ्यावर मारली. "निलंगा गेलं. उदगीर आजउद्यात सुटंल," म्हणाले. मी विचारलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही पिशवीचं हे सुरू कधीपासून केलं?

त्यांनी बॅटरी बंद करून खिशात टाकली. मग सांगितलं. त्यांच्या आईचा डोळा असाच गेला होता. डावाच. हे तेव्हा नुकतेच डॉक्टर झालेले, सुट्टीला रेणापूरला गेले, आईचा डोळा बघितला, औषध दिलं आणि परत आले. आईच्या उशाखाली शेजारणीचा थेंब होता.

"मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. लेकाला वाईट वाटंल म्हणून," ते म्हणाले. आणि लगेच, "बुंदी चांगली झालीय, अक्का. कुठला आचारी?"

दीडेक महिन्यात सगळे तालुके सुटले. कॅलेंडरचे आकडे परत आले. कॅलेंडर काही हलक्यातलं नव्हतं. फक्त कोपऱ्यातलं रेणापूर सुटेना. जखम भरली होती, पण तिथं एक फिकट डाग राहिला. डाव्या डोळ्यानं बघितलं की एका बाजूला काचेवर श्वास सोडल्यासारखं दिसायचं, अजूनही दिसतं. मी विचारलं, हे जाईल का? ते कार्डाकडे बघत म्हणाले, हे न्हाई जायचं. मग कार्ड उलटं करून मागं काहीतरी लिहिलं आणि फाईल कपाटात ठेवून दिली.

त्यानंतर एकदा उन्हाळ्यात हराळी पुन्हा उगवली. या वेळी मी त्याच दिवशी दवाखाना गाठला आणि टण टण व्हायच्या आत पिशवी स्वतःच ताटात पालथी केली. त्यांनी निळा उजेड सोडला आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "आता बगा कशी फांदी हाय! एकदम चित्रातली." एवढ्या आनंदानं कोणी माझा रोग बघितला नव्हता. जिल्हा व्हायच्या आत ती फांदी गेली. बाकी वर्षं मी नुसती शेंगा जप्त करून घ्यायला जायचे.

मागच्या दिवाळीनंतर डॉक्टर गेले. मला उशिरा कळलं. दवाखाना काही महिने बंद होता, मग उघडला. नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, माझ्या नातीच्या वयाच्या, पुण्यात शिकलेल्या, हसऱ्या. भिंतींना नवा रंग आहे, मशीन नवं आहे, टेबलावर ताट नाही, अंड्यांचा कप्पाही नाही. वाचताना डोळा जरा दुखत होता म्हणून गेल्या आठवड्यात मी दाखवायला गेले. खुर्चीत बसले आणि कोणी काही म्हणायच्या आत पिशवी पालथी केली. विभूतीची डबी, किल्ल्या, चष्म्याचं घर आणि शेंगांची पुडी सगळं त्यांच्या कॉम्प्युटरच्या बटणांवर जाऊन पडलं. पडद्यावर काहीतरी आपोआप टाईप व्हायला लागलं. डॉक्टरीणबाई दचकल्या, मग हसल्या, शेंगा गोळा करून पुडीत भरून मला परत दिल्या. मी म्हणाले, ठेवा तुमच्याकडं. त्यांना कळलं नाही.

त्यांनी माझे दोन्ही डोळे नीट तपासले. म्हणाल्या, काही नाही, कोरडे पडलेत, चष्म्याचा नंबर थोडा बदललाय. मग डाव्या डोळ्यापाशी परत आल्या, पुन्हा बघितलं, आणि कपाटातली माझी जुनी फाईल उघडली. पिवळं पडलेलं कार्ड काढलं. खोडलेले तालुके बघून कपाळाला आठ्या घातल्या. कार्ड उलटं केलं, मागची बाजू वाचली, परत माझ्या डोळ्यात पाहिलं, आणि विचारलं:

"आजी, इथं डाव्या डोळ्यापुढे नंबर नाही, आजाराचं नाव नाही, फक्त 'रेणापूर, सांभाळणे' एवढंच लिहिलंय. तुम्ही रेणापूरच्या का?"